खोडरबर काकांनी पुसलेलं भूत

या, असे जवळ येऊन बसा. मागे उभे आहात त्यांनी पुढे सरका, जागा होते; मनात असली की सगळ्यांना होते. गोष्ट भुताची आहे, पण घाबरायचं कारण नाही. हे भूत चष्मा लावतं, गुडघे धरतात म्हणून जिन्याच्या तिसऱ्या पायरीच्या वर चढत नाही, आणि समोरच्याची चूक दिसली की तिथल्या तिथे सांगून मोकळं होतं. असं भूत देवाने बहुतेक घरांना एकेक दिलेलं आहे. आपलं लक्ष नसतं, एवढंच.

तर ऐका. एका रस्त्यावर, एका बाजूला किल्ल्या बनवणारा आणि दुसऱ्या बाजूला चष्म्यांचं दुकान, अशा मधोमध एक फोटो स्टुडिओ होता. दर्शनी काचेत तीन नवऱ्या, एक बाळ आणि एक निवृत्त साहेब असे पाच फोटो. पाचही चेहरे इतके गुळगुळीत की माशी बसायला गेली तर घसरून पडावी. ही करामत दुकानाच्या मालकाची. त्यांचं खरं नाव पाटीवर होतं, पण पाटी कोण वाचतो? सगळे त्यांना खोडरबर काका म्हणत.

पूर्वी बारीक कुंचल्याने आणि आता कॉम्प्युटरवर, काका काय वाटेल ते पुसून देत. मुरुम पुसत, सुरकुत्या पुसत, पंगतीत मागे जांभई देणारा पाहुणा पुसत. एकदा तर एका बाईंनी लग्नाच्या फोटोतून अख्खा दीर पुसून घेतला होता, आणि दोन वर्षांनी समेट झाल्यावर तो परत बसवूनही घेतला होता. काकांची पद्धत ठरलेली. काम संपलं की शेवटचा हात फिरवायचा. फोटो इतका मोठा करायचा की पडद्यावर फक्त हातभर तुकडा दिसेल, आणि डावीकडून उजवीकडे, वरून खाली, शेत नांगरल्यासारखं सरकत जायचं. "चित्र बघायचं नाही," काका म्हणत, "चित्र बघितलं की माणूस भुलतो. फक्त डाग बघायचे."

आणि या दुकानात उजेड धरायच्या काकू. काकांच्या पत्नी. लग्न झाल्याच्या तिसऱ्या दिवशी काकांनी त्यांच्या हातात दिवा दिला तो दिलाच. एकतीस वर्षं. आधी वायरचा जड दिवा, नंतर उजेड परतवणारा तो चंदेरी गोल पडदा. कुठे उभं राहिलं की नवरीच्या नाकाची सावली गालावर पडत नाही, हे काकूंना काकांपेक्षा चांगलं कळायचं, आणि हे काकूंना माहीत होतं, आणि काकांना माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं. फक्त इतकी वर्षं उजेड धरायचा म्हणजे कधी कोपर फोटोत यायचं, कधी पडद्याची कड, कधी नवरदेवाच्या चष्म्यात उजेड धरलेली एक चिमुकली बाई उमटायची. काका शेवटचा हात फिरवताना ते सगळं पुसून टाकत. कामच होतं ते.

आता खरी अडचण सांगतो. काकांच्या लेकीने दूरच्या गावी नवं घर घेतलं होतं. पुढच्या आठवड्याच्या रविवारी घरी माणसं यायची होती, आणि बैठकीच्या भिंतीवर घरच्या सगळ्यांच्या फोटोंच्या चौकटी लागल्या होत्या. एकच चौकट रिकामी.

"बाबा, आईचा फोटो पाठवा ना," ती फोनवर म्हणाली. "लाखो फोटो आहेत तुमच्याकडे."

काकांनी शोधले. नव्हता. मोबाइलवर कुणी फोटो काढायला लागलं की काकू तळहात पुढे करत, "आधी उजेड कुठून येतोय ते बघा, मग काढा," असं म्हणून. त्यामुळे साऱ्या नातेवाइकांकडे काकूंच्या तळहाताचे उत्तम फोटो होते. ओळखपत्रावर एक होता, पण ओळखपत्रावरचा फोटो काही भिंतीवर लावायचा नसतो.

"माझ्या लग्नातला तरी?" लेक म्हणाली.

"तुझ्या लग्नात हॉलमध्ये उजेड कमी होता गं," काका ओशाळून म्हणाले. "ती दिवा धरून होती."

काकू शेजारी बसून ओळखपत्रांचे फोटो कात्रीने कापत होत्या. त्या हसून म्हणाल्या, "तळहात पाठवा. भविष्य सांगणारा कुणी आला तर उपयोगी पडेल." पण कात्री जराशी वाकडी गेली, आणि एका सभ्य गृहस्थाचा कान कापला गेला. काकांनी ते पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी मास्तर आले. मास्तर शाळेत गणित शिकवत आणि वाचनालयाच्या हौशी मंडळींची नाटकं बसवत, आणि दोन्हीकडे एकच वाक्य बोलत: "पुन्हा करा." यंदाचं नाटक भुताचं होतं, पुढच्या आठवड्यात शनिवारी प्रयोग, आणि पोस्टर हवं होतं.

"जिन्यावर भूत पाहिजे, काका," मास्तर म्हणाले. "आरपार दिसणारं. आमच्या नाटकात भूत रंगमंचावर येतच नाही, नुसता आवाज येतो. म्हणून निदान पोस्टरवर तरी पाहिजे."

"होईल की. उभं कोण राहणार?"

मास्तरांनी दुकानभर नजर फिरवली आणि ती कात्रीपाशी थांबली. "काकू, तुम्ही?"

काका खो खो हसले. "ही? हिला स्थिर उभं राहणं जमायचं नाही, मास्तर."

"एकतीस वर्षं दिवा धरून उभी आहे ती काय फुगडी घालत होते?" काकू म्हणाल्या. मग कात्री खाली ठेवली. "मी राहीन उभी. पण एक अट आहे. मी दिसले पाहिजे. बघणाऱ्याला ओळखू आले पाहिजे. माझ्या थोरल्या ताईला सांगणार आहे मी, ती बघायला येईल."

"दिसशील गं," काका म्हणाले. आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की याच फोटोतून लेकीचंही काम होईल. भूत नंतर करायचं असतं. मूळ फोटोत तर काकू धडधाकट येणारच.

त्याच आठवड्याच्या शनिवारी भर दुपारी दोन वाजता, वाचनालय जेवणासाठी बंद असताना, मंडळी जिन्यापाशी जमली. लाकडी जिना, वळणावर कठडा, वर एक धुळकट खिडकी. काकांनी कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवला आणि आधी नुसत्या जिन्याचा फोटो काढला. मग दरडावून सांगितलं, "आता याला कुणी धक्का लावायचा नाही. भूत म्हणजे दोन फोटो, एक रिकामा आणि एक माणसाचा, एकावर एक ठेवलेले. कॅमेरा केसभर हलला तर जिना एकीकडे आणि भूत दुसरीकडे."

काकू नाटकाच्या पेटीतला पांढरा पायघोळ झगा घालून आल्या. झग्याला डांबराच्या गोळ्यांचा असा वास की खरं भूत असतं तर लांबूनच पळालं असतं.

"चष्मा काढ," काका म्हणाले.

"काढणार नाही. पायरी दिसत नाही मला."

"अगं, भुताला चष्मा असतो का कुठे?"

"तुम्ही किती भुतं बघितलीत?"

मास्तर घाईघाईने मध्ये पडले. "राहू द्या, राहू द्या. वाचनालयातलं भूत आहे. वाचून वाचून लागला असेल."

आता उजेड कोण धरणार? चंदेरी पडदा मास्तरांच्या हाती आला. त्यांनी तो ताटासारखा धरला. तिसऱ्या पायरीवरून भुताचा आवाज आला, "मास्तर, वर. अजून वर. अहो, स्वतःच्या तोंडावर काय उजेड पाडताय, भूत मी आहे! पुन्हा करा." स्वतःचंच वाक्य ऐकून मास्तर इतके गोंधळले की पडदा सुटून त्यांच्या डोक्यात टोपीसारखा अडकला, आणि काकू खळखळून हसल्या. काकांनी बटण दाबलं. असा फोटो आला म्हणून सांगू! झगा वाऱ्यावर, मान मागे गेलेली, चष्म्याच्या डाव्या काचेवर उजेडाचा एक टपोरा ठिपका. काकांनी तो कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर पाहिला आणि पुन्हा एकदा पाहिला.

सोमवारी सकाळी काका कॉम्प्युटरवर बसले. मास्तर शाळेला दांडी मारून स्टुलावर, मागे काकू कात्री घेऊन. भुतासाठी एक गंभीर फोटो निवडला. आधी काकांनी दुपारची रात्र केली, उजेड खाली ओढला, निळसर रंग चढवला, खिडकीत थोडं चांदणं सोडलं. मग रिकाम्या जिन्यावर काकूंचा फोटो ठेवला, भोवतालचं कापून टाकलं, आणि मऊ ब्रशने पाय पुसले, गुडघ्यांपासून खाली हळूहळू विरत जाणारे.

"तेवढं बरं केलंत," काकू मागून म्हणाल्या. "गुडघेच नकोत."

मग काकांचा हात सवयीने कपाळाकडे गेला आणि चार रेघा गेल्या. मास्तर पुढे वाकले. "काका, हे भूत लग्नाला उभं असल्यासारखं दिसतंय. ते दीडशे वर्षांचं आहे." काकांनी रेघा परत आणल्या, दोन जास्तीच्या घातल्या.

"इतक्या नव्हत्या हं," काकू म्हणाल्या.

शेवटी फिकटपणाची वेळ आली. पडद्यावर एक पट्टी असते, ओपॅसिटीची. शंभरावर ठेवली की माणूस भरीव, शून्यावर नेली की गायब. काकांनी साठावर आणली. भूत झकास दिसू लागलं, मागचा कठडा त्याच्या पोटातून दिसत होता.

"अजून फिकट," मास्तर म्हणाले.

चाळीस.

"अजून. भूत जाणवलं पाहिजे हो, दिसता कामा नये."

तीस. पंचवीस. अठराला मास्तरांनी टाळी वाजवली.

"अहो, अठरा म्हणजे किती?" काकूंनी विचारलं.

"शंभरातली अठरा."

"म्हणजे घरात दिसते त्यापेक्षा बरीच." त्या उठून पडद्याजवळ आल्या, बोट टेकवलं. "पण मी आहे हे कळतंय ना? ताईला कळेल ना?"

"चष्म्यावरून कुणीही ओळखेल तुला," काका म्हणाले. खरंच, याही फोटोत डाव्या काचेवर तसाच एक ठिपका तेवढा लुकलुकत होता.

आता नीट ऐका, कारण घोटाळा इथे झाला. मास्तर गेले, काकू जेवणाच्या तयारीला घरात गेल्या. छापखान्यातून दोनदा फोन आला, "पाठवताय की यंत्र बंद करू?" काका शेवटचा हात फिरवायला बसले. फोटो मोठा केला, डावीकडून उजवीकडे नांगरणी सुरू. तेवढ्यात लेकीचा फोन. काकांनी तो खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला.

"बाबा, आईचा फोटो मिळाला का?"

"मिळाला म्हणजे? असा मिळालाय की बघत राहशील. नाटकाच्या पोस्टरसाठी भूत म्हणून उभी राहिली होती, हसतेय तुझी आई. पाठवतो आज."

"भूत नको हं बाबा. आई पाहिजे."

"अगं, भूत मी नंतर केलंय, मूळ फोटोत आईच आहे. गेली एकतीस वर्षं मी हिला फोटोत घेतली नाही, याचं मला आता इतकं वाईट वाटतंय म्हणून सांगू..."

आणि असं बापलेकीचं गहिवरून बोलणं चालू असताना काकांचा उजवा हात आपलं काम करत होता. जिन्याच्या तिसऱ्या पायरीच्या वर, काळोखात, एक टपोरा ठिपका. चष्म्यावरची चमक! हाताने ती पुसली. तिच्या भोवती काचेवर वाफ धरावी तसं काहीतरी पांढुरकं. तेही पुसलं. खाली पांढुरकी लांब पट्टी, वाकडीतिकडी. पुसली. जिना असा लख्ख झाला, की काय सांगावं. हाताचा तरी काय दोष? आज डाग हाच मुख्य पाहुणा आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

चित्र लहान करून काकांनी एक नजर टाकली. अंधारा जिना, चांदणं, वर लाल अक्षरांत नाटकाचं नाव. "छान गूढ आलंय," ते स्वतःशी म्हणाले आणि छापखान्याला पाठवून दिलं. मग सोमवारची आवराआवर. गिऱ्हाइकांचे मूळ फोटो काका कधीच पुसत नसत, कारण लोक दहा वर्षांनी येऊनही प्रत मागतात. पण 'घरचं' नावाच्या कप्प्यात जे असेल ते दर सोमवारी साफ. नाटकाचं काम हौसेचं, म्हणून ते 'घरचं'मध्ये होतं. कप्पा रिकामा झाला. कॅमेऱ्यातलं कार्डही कोरं झालं, आणि मंगळवारी त्याच्यावर एका अख्ख्या शाळेचे ओळखपत्राचे फोटो जाऊन बसले. लेकीला फोटो पाठवायचा राहिला. "पाठवतो आज," काका म्हणाले होते.

बुधवारी वाचनालयाच्या भिंतीवर पोस्टर लागलं. काकू ठेवणीतले कपडे घालून, ताईला घेऊन निघाल्या. ताई म्हणजे काकूंची थोरली बहीण. तिला आयुष्यात कुठलीही गोष्ट पहिल्या नजरेत आवडलेली नव्हती. काका मागून. पोस्टरपुढे आधीच दहाबारा माणसं.

"कुठाय हो भूत?" किल्लीवाला विचारत होता. "हां हां, दिसलं! कठड्यावर हात आहे बघा."

"हात नाही, केस आहेत," चष्म्याच्या दुकानाचे मालक म्हणाले. डोळे तपासणं हाच त्यांचा धंदा, त्यामुळे सगळ्यांनी मान्य केलं. एका बाईंना ते खिडकीत दिसलं आणि त्यांनी मुलाला जवळ ओढलं.

काकांनी पाहिलं. आणि हो, त्यांच्या पायाखालची जमीन सरकली, कारण त्यांनाच फक्त माहीत होतं की तिथे काहीही नव्हतं.

तेवढ्यात मास्तर गर्दीतून धावत आले आणि त्यांनी काकांना मिठीच मारली. "काका, तुम्ही कलावंत निघालात! मी म्हणालो जाणवलं पाहिजे, दिसता कामा नये; तुम्ही ते अक्षरशः करून दाखवलंत! लोक अर्धा अर्धा तास शोधताहेत! तिकिटं संपली!" लोकांनीही काकांची पाठ थोपटली. काका नुसती मान हलवत होते, पेन्शन मिळाल्यासारखी नव्हे, नोटीस मिळाल्यासारखी.

काकू पोस्टरपाशी गेल्या. नाक टेकेल इतक्या जवळ. मग त्यांनी चष्मा काढला, पदराने नव्हे, खास मऊ फडक्याने पुसला, जे त्या नवरदेवांच्या चष्म्यांसाठी पर्समध्ये ठेवत, पुन्हा लावला आणि पुन्हा पाहिलं.

"जिना छान आलाय हो," ताई म्हणाली.

"हो ना," काकू म्हणाल्या. "चल, ऊन लागतंय."

संध्याकाळी घरात काकू बोलल्या नाहीत असं नाही. बोलल्या. "भाजी गरम आहे." "पंखा कमी करा." पण एक टोमणा नाही. काकांनी मुद्दाम टॉवेल खुर्चीवर टाकला. काकूंनी तो उचलून वाळत घातला. काकांनी डाळीत मीठ नसताना "मीठ जास्त झालंय" म्हणून पाहिलं. काकू "बरं" म्हणाल्या. तेव्हा मात्र काका घाबरले. इतका वेळ भुताची गोष्ट चालली होती, पण भीती वाटली ती या 'बरं'ची.

त्यांनी सगळं सांगून टाकलं. शेवटचा हात, लेकीचा फोन, 'घरचं', कार्ड, सगळं. "हसतानाचा फोटोही गेला गं. माझं चुकलं."

काकू ताटं आवरता आवरता थांबल्या. "तुम्ही मुद्दाम केलं असतंत ना, तर भांडले असते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कळलंच नाही. आता त्याला काय भांडायचं?"

गुरुवारी काकांनी दुकानाचं दार अर्धं लोटून घेतलं आणि गिऱ्हाइकांचे मूळ फोटो उघडले. पुसायच्या आधीचे. पंधरा वर्षांचे होते. आज ते चित्र बघत नव्हते, माणसं बघत नव्हते, फक्त डाग बघत होते, जे त्यांनी स्वतः पुसले होते. एका बारशाच्या फोटोत उजव्या कोपऱ्यात कोपर. एका साहेबांच्या निरोप समारंभात, काचेच्या कपाटात, पडदा उंच धरलेली बाई, तिचा एक पाय चपलेबाहेर, दुखत असणार. एका वराच्या दोन्ही काचांमध्ये ती, दोन वेळा. दुपारपर्यंत सत्तावन्न जागी सापडली. आणि मग लेकीच्या लग्नातला तो फोटो, लेक निघताना रडते आहे तो, जो लेकीच्याच भिंतीवर टांगलेला होता. मूळ फोटोत खाली कडेला एक हात होता, पडदा धरलेला, अंगठ्याला चिंधी बांधलेली. पडद्याची कड धूसर आली होती. म्हणजे हात थरथरत होता. लेक निघाली होती आणि आई तिच्या तोंडावर उजेड पाडत होती. "हात कशाला मध्ये आणतेस," असं तेव्हा आपण म्हणालो होतो, हेही काकांना आठवलं. देव सगळं जपून ठेवतो. ऐन वेळी काढून दाखवतो.

"अगं," त्यांनी हाक मारली, "जरा इकडे ये."

काकू हात पुसत आल्या. "कोण आलंय? पडदा कुठे धरू?"

"धरायचा नाही. त्या स्टुलावर बस."

"मी?"

"बस म्हणतो ना."

काकू बसल्या, अवघडून. काकांनी कॅमेरा लावला, मग लक्षात आलं की उजेड धरायला कोणी नाही. त्यांनी कॅमेऱ्याला दहा सेकंदांची मुदत दिली, पडदा उचलला आणि धावत जाऊन खाली उकिडवे बसले.

"डावीकडे," काकू म्हणाल्या.

"गप्प बस, फोटो निघतोय."

"अहो, नाकाची सावली पडतेय. वर धरा. वर! इतकी वर्षं मला ओरडलात आणि स्वतःला साधा पडदा धरता येत..."

खट्.

फोटो कॉम्प्युटरवर घेतला. काकूंचं एक बोट वर उचललेलं, तोंड अर्धं उघडं, केसांची एक बट कपाळावर, कपाळावर चार रेघा, हनुवटीवर तीळ. आणि चष्म्याच्या दोन्ही काचांत, पडदा डोक्यावर धरून उकिडवा बसलेला, घाबरलेला, टक्कल चमकणारा एक म्हातारा.

काकांचा हात माऊसवर होता. मागे काकू उभ्या होत्या. बाण सरकत सरकत डाव्या काचेपाशी गेला. सवयच ती. देवाने तो चेहरा पंचावन्न वर्षं बसून घडवला होता, एकेक रेघ मोजून दिली होती. त्यावर खोडरबर फिरवणारे आपण कोण टिकोजीराव? काकांनी माऊस सोडला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे.

"तू पाठव," ते म्हणाले. "मी हात लावला तर काहीतरी जाईल."

काकूंनी वाकून तो लेकीला पाठवला. आणि वाकल्या वाकल्या म्हणाल्या, "टॉवेल काल परत खुर्चीवर होता. मी म्हणून काही बोलले नाही."

काकांचा जीव भांड्यात पडला.

लेकीचं उत्तर लगेच आलं: "आईच आहे! आणि बाबा, तुम्हीही आलात की!"

शनिवारी प्रयोगाला निघालेली माणसं स्टुडिओपाशी थबकली. काचेतली मधली नवरी उठून गेली होती आणि तिच्या जागी एक चष्मेवाली बाई बोट उगारून साऱ्या रस्त्याला काहीतरी सुनावत होती.

"या कोण हो?" किल्लीवाल्याने विचारलं, जणू गेली पंधरा वर्षं तो त्यांना रोज बघतच नव्हता.

"पोस्टरमध्ये जे शोधत होतात ना," काका म्हणाले, "ते भूत हेच."

मास्तरांनी फोटो निरखून पाहिला. "काकू, हे पोस्टरवर असतं तर भीतीने कुणी नाटकाला आलंच नसतं."

"आले असते," काकू म्हणाल्या, "आणि वेळेवर आले असते. चला, तिसरी घंटा होईल."

गोष्ट संपली, पण उठू नका, एवढं करून जा. घरी गेल्यावर जुने फोटो काढाल, हसाल, हा कोण, ती कोण, म्हणाल. तेव्हा ज्या उजेडात ते चेहरे दिसताहेत, तो कुणीतरी हात भरून येईपर्यंत धरला होता, हे ध्यानात घ्या, आणि आमच्या काकूंची आठवण काढा. तिसऱ्या पायरीवर हसलेल्या, त्या पुसून गेलेल्या फोटोतल्या काकूंची. आणि काढाल ती शंभरावर ठेवून काढा. अठरा त्यांना चालत नाही.